स्कूटरची चाबी

मुलांनो, आमच्या वऱ्हाडात किल्लीला 'चाबी' म्हणतात. कपाटाची चाबी, गोठ्याच्या कुलपाची चाबी, गाडीची चाबी. आज मी तुम्हाला एका चाबीचीच गोष्ट सांगणार आहे. गोष्ट माझी आहे आणि तिच्यातली चूकही माझीच आहे. शाळेत शिकवणाऱ्या बाईनं आपली चूक सांगायची म्हणजे थोडं जड जातं. पण तुम्हाला आम्ही रोज 'खरं बोला' म्हणतो ना? मग आमचीही पाळी कधीतरी यायचीच.

मी अकोल्याला राहते. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, महामार्गाच्या कडेला एक खेडं आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवते. रोज माझ्या स्कूटरनं जाते-येते. माझा भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, अकरावीसाठी माझ्याकडेच राहतो. वय सोळा पूर्ण, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त आणि ओठांवर मिशीची नुकती उमटलेली रेघ. उठल्यापासून त्याचं एकच पालुपद: "मावशी, चाबी दे ना!"

कोपऱ्यावरून दही आणायचं असलं की मी देत असे. "गल्लीतच तर जातो," असं मनाला सांगत असे. तुमच्याही घरी असंच होतं की नाही, खरं सांगा!

एका शनिवारी सकाळची शाळा होती आणि माझं मनगट मुरगळलेलं. गाडी धरवेना. भाचा म्हणाला, "मी सोडतो ना, मावशी." मी चाबी दिली आणि मागे बसले. हेल्मेट डिक्कीतच राहिलं. तो चालवतो छान. शाळेच्या फाटकापाशी त्यानं अशी झोकात गाडी वळवली, की माझी चौथीची सगळी पलटण बघतच राहिली.

सोमवारी योगायोगानं धडा निघाला वाहतुकीच्या चिन्हांचा. मी फळ्यावर चिन्हं काढली. बहुतेक गोल चिन्हं म्हणजे आज्ञा, ती पाळायचीच. त्रिकोणी चिन्हं म्हणजे 'पुढे जपून'. चौकोनी निळी चिन्हं म्हणजे माहिती. मग मी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गाडी चालवायची नाही."

पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उठली. म्हणाली, "मॅडम, शनवारी तुमाले घेऊन आला तो दादा अठरा वर्साचा हाय काय?"

वर्ग एकदम गप्प. मी जरा गडबडले, पण लगेच सावरून म्हटलं, "नाही गं, तो सोळाचा आहे. पण बिनागिअरची गाडी सोळाव्या वर्षी चालते. कायदाच आहे तसा."

झालं! चोवीस डोकी खाली वाकली आणि चोवीस वह्यांत लिहिलं गेलं, 'बिनागिअरची गाडी सोळाव्या वर्षी चालते.' मॅडम म्हणाल्या म्हणजे खरंच असणार!

संध्याकाळी घरी आले तरी ते वाक्य मनातून जाईना. मी ते कुठं वाचलं होतं? कुठंच नाही. नुसतं ऐकलं होतं. शेजारी म्हणतात, शिकवणीच्या वर्गातली मुलं म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. शिवाय सोळाव्या वर्षी चालत असली, तरी लायसन नको का? भाच्याकडे तर शिकाऊ लायसनसुद्धा नव्हतं. मी त्याला हाक मारली, "ये रे, कायदाच काढून वाचू."

आपल्या देशात यासाठी १९८८ सालचा मोटार वाहन कायदा आहे. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमात वयाचं सांगितलं आहे. अठरा वर्षांखालच्या कुणीही रस्त्यावर मोटार वाहन चालवायचं नाही. त्याला एकच सूट आहे. ज्या दुचाकीचं इंजिन ५० सीसीपेक्षा मोठं नाही, ती सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर चालवता येते, अर्थात लायसन काढूनच. आणि त्या लायसनच्या अर्जावर आईवडिलांची किंवा पालकांची लेखी संमती लागते.

बघा, वयाच्या या कलमात 'बिनागिअर' हा शब्दच नाही! आहे तो ५० चा आकडा.

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या वरखाली होताना जेवढी जागा व्यापतो, तेवढं त्याचं माप. ५० सीसी म्हणजे औषधाचे दहा लहान चमचे. मी माझ्या गाडीचं आरसी कार्ड काढलं. त्यावर आकडा होता १०९. म्हणजे परवानगीच्या दुपटीहून जास्त! गाडीला गिअर नव्हते हे खरं, पण सोळा वर्षांच्या मुलानं ती चालवणं कायद्यात बसत नव्हतं. चोवीस वह्यांत मी चुकीचं लिहून घेतलं होतं.

भाच्याचं तोंड उतरलं. पण सोळा वर्षांचं डोकं ते, लगेच दुसरी वाट शोधतं. "मंग ५० सीसीचीच गाडी घेऊ ना, मावशी!"

आम्ही दोन-तीन दुकानं पालथी घातली. ५० सीसीची नवी गाडी कुठंच नाही. मोपेड म्हणून दाखवली तीसुद्धा शंभर सीसीच्या घरातली. एका दुकानदारानं विजेची गाडी पुढे केली आणि म्हणाला, "हिला लायसन लागतच नाही." माझ्या अंगात आता तपासून बघायची सवय शिरली होती. नियम असा आहे : मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि सरकारमान्य संस्थेनं तपासून दिलेलं प्रमाणपत्र, हे सगळं असेल तरच ती गाडी कायद्यानं मोटार वाहन ठरत नाही. त्याहून जोरात पळाली, की लायसन, नंबरप्लेट, विमा, हेल्मेट सगळं आलं. मी प्रमाणपत्र मागितलं. दुकानदार म्हणाला, "नंतर देतो." आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

तुम्ही म्हणाल, ज्या गाड्या मिळतच नाहीत त्यांची सूट कायद्यात कशाला? त्यामागेही एक गोष्ट आहे. 'मोपेड' हा शब्द मुळात स्वीडनमधला. मोटरमधला 'मो' आणि पेडलमधला 'पेड' जोडून तो झाला. म्हणजे इंजिन असलेली सायकलच म्हणा ना! आपल्याकडे ती घरोघरी पोचवली 'लूना'नं. कायनेटिक इंजिनिअरिंग या आपल्या महाराष्ट्रातल्या कंपनीनं १९७२ मध्ये लूना काढली. इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या गाडीवर ती बेतलेली होती. इंजिन ५० सीसीचं, वजन हलकं, पेट्रोल संपलं तर पेडल मारत घरी या! कायदा झाला तेव्हा रस्त्यावर अशा गाड्या भरपूर होत्या. पुढे गाड्यांची इंजिनं मोठी होत गेली आणि लूना मागे पडली. २०२४ मध्ये ती विजेवर चालणारी होऊन परत आली, पण तीही ताशी २५ च्या वर पळते. कायद्यातला आकडा मात्र तसाच राहिला. सोळाव्या वर्षाचं दार उघडं आहे, पण त्यातून आत जाणारी गाडीच दुकानात नाही, असं झालं आहे.

एवढं ऐकल्यावर भाचा ताडकन उठला. "मावशी! आबाजीकडे हाय ना लूना!"

खरंच की! माझे वडील बडनेऱ्याला असतात. त्यांच्या मागच्या छपरीत, ताडपत्रीखाली, एक लूना कित्येक वर्षांपासून उभी आहे. येत्या रविवारी आम्ही दोघं एसटीनं बडनेऱ्याला गेलो.

भाच्यानं ताडपत्री ओढली. धुळीचा लोट उठला. निळा रंग, गंजलेलं कॅरिअर, सीटमध्ये उंदरांनी केलेलं घर. बाबांनी कागद काढले. गाडी १९९१ ची. नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती २००६ मध्येच संपलेली. पुन्हा रस्त्यावर आणायची तर तपासणी करून नोंदणी नवी करा, कर भरा, विमा काढा, धुराचं पीयूसी प्रमाणपत्र घ्या. शिवाय सुटे भाग मिळायला हवेत ते वेगळंच.

"आबाजी, आपण करू ना दुरुस्त!" भाचा म्हणाला.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग खाटेवर बसत म्हणाले, "पोरा, हे लूना खराब झाली म्हनून नाई ठेवली म्या. हिची चाबी म्या एक डाव चुकीच्या हाती देल्ली."

मी तिसरीत होते तेव्हा, १९९८ साली, लूना अचानक ताडपत्रीखाली गेली हे मला आठवतं. 'बिघडली' असंच बाबांनी तेव्हा सांगितलं होतं. खरी गोष्ट मी त्या रविवारी पहिल्यांदा ऐकली. शेजारचा एक मुलगा, वय पंधरा, रोज मागे लागायचा, "काका, एक चक्कर!" एका संध्याकाळी बाबांनी चाबी दिली. वळणावर भाजीची टोपली घेऊन एक म्हातारी बाई रस्ता ओलांडत होती. मुलाला वेळेवर ब्रेक लावता आला नाही. मुलगा खरचटण्यावर निभावला. आजीचा मांडीचा हाड मोडला.

"माही गाडी, मीच चाबी देल्ली, पोराजवळ लायसन नाई. मंग कोनाले म्हनू?" बाबा म्हणाले. दवाखान्याचा सगळा खर्च त्यांनी स्वतः केला. माझ्या आईच्या हातातल्या पाटल्या त्याच वर्षी गेल्या. मला वाटत होतं, त्या आमच्या फीसाठी मोडल्या. आजी पुढे काठी घेऊन चालू लागल्या, पण भाजी घेऊन बाजारात मात्र परत बसल्या नाहीत. बाबा दर आठवड्याला त्यांच्या घरी जात. त्या वारल्या तोवर जात राहिले.

छपरीत कुणीच बोललं नाही. भाच्यानं ताडपत्री उचलली, हळूच लूनावर पांघरली आणि कोपरे नीट खोचले.

परत येताना एसटीच्या खिडकीतून तो बाहेर बघत होता. अमरावती-अकोल्याचा हा रस्ता तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. जून २०२२ मध्ये इथंच, लोणी ते माना या भागात, ७५ किलोमीटर डांबरी रस्ता सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आम्हा वऱ्हाडवाल्यांना त्याचा अभिमान आहे. रस्ता असा गुळगुळीत, की गाडी आपोआप पळते. पण याच रस्त्यावर कापसाची बैलगाडी असते, सायकलवरचे मजूर असतात आणि माझ्या शाळेतली मुलं हाच महामार्ग ओलांडून येतात.

मी म्हटलं, "तुम्हाला अकरावीत गतिज ऊर्जा आहे ना? वेग दुप्पट झाला तर काय होतं?"

"ऊर्जा चौपट होते," तो म्हणाला. मग थोडं थांबून स्वतःच म्हणाला, "म्हणजे ब्रेक लावल्यावर थांबायलाही चौपट अंतर लागते."

बरोबर! ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात सोळा मीटरहून जास्त जाते. आपण दचकून ब्रेक शोधतो तोवर आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्या ओलांडून गेलेली असते. ५० चा आकडा आणि १८ चं वय कायद्यात कुणाला त्रास द्यायला घातलेलं नाही, मुलांनो. त्या आकड्यांच्या पलीकडे कुणीतरी भाजीची टोपली घेऊन उभं असतं.

आता वही काढा आणि बरोबर काय ते लिहून घ्या. अठरा पूर्ण झाले, की आधी काढायचं शिकाऊ लायसन. त्याला वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि आपली तब्येत ठीक असल्याचं स्वतः लिहून दिलेलं पत्र लागतं. मग वाहतुकीच्या नियमांवर छोटी परीक्षा असते. निदान ६० टक्के उत्तरं बरोबर यायला हवीत. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार कार्डाच्या ओळखीवर ही परीक्षा घरूनही देता येते. परीक्षा घरी असली तरी उत्तरं आपलीच द्यायची, बरं का! दादाला शेजारी बसवायचं नाही.

हे शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. त्या काळात गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' अक्षर लावायचं. मागे बसवायचं ते फक्त शिकवणाऱ्याला, तेही त्याच्याजवळ पक्कं लायसन असेल तरच. मित्राला बसवून चक्कर मारायची नाही. तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसनसाठी आरटीओत गाडी चालवून दाखवायची. अमरावतीचा क्रमांक २७, अकोल्याचा ३०. गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'एमएच'नंतर तुम्ही तो पाहिलाच असेल.

लायसन झालं तरी गाडीचे कागद हवेतच : आरसी, विमा आणि पीयूसी. आणि डोक्यावर आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, चालवणाऱ्याच्या आणि मागे बसणाऱ्याच्याही. एका गाडीवर दोघंच. तिघं बसले की ती गाडी राहत नाही, कसरत होते.

आता दोन शब्द तुमच्या आईबाबांसाठी. ही ओळ त्यांना वाचून दाखवा. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार लायसन नसलेल्या अल्पवयीन मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत शिकाऊ लायसनसुद्धा मिळत नाही. चालवणाऱ्याकडे लायसन नसेल, तर अपघातात विमा कंपनीनं दिलेली भरपाई ती पुढे मालकाकडून वसूल करू शकते. "गल्लीतच तर जातो" असं आपण म्हणतो. मीही म्हणत होते. पण गल्लीतही रस्ता ओलांडणारं कुणी असतंच. माझ्या बाबांचा मुलगाही गल्लीतच गेला होता.

सोमवारी मी वर्गात गेले आणि फळ्यावर लिहिलं, 'मागच्या सोमवारी मॅडमचं चुकलं.' मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी सांगितलं, "वह्या उघडा. ते वाक्य खोडा. खाली लिहा, 'अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय स्कूटर चालवायची नाही. सोळाव्या वर्षी चालते ती फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी, आणि तीही लायसन काढूनच.' शनिवारी मी दादाला चाबी दिली, ते चूक होतं. दादाची चूक होती, पण माझी जास्त मोठी होती. चाबी माझ्या हातात होती."

चोवीस वह्यांत खोडरबर फिरलं. मला वाटलं होतं, मुलं हसतील. कुणी हसलं नाही. ती पहिल्या रांगेतली चिमुरडी मात्र पुन्हा उठली.

"मॅडम, मंग चाबी आता कोठी हाय?"

मी पर्स उघडून दाखवली. तिचं समाधान झालं. ती बसली, आणि तिच्या शेजारच्या मुलानं हळूच विचारलं, "मॅडम, माह्या बाबाले सांगू काय हे? माहा भाऊ सातवीत हाय न् तो मोटरसायकल चालवते."

"सांग," मी म्हटलं. "वही दाखव त्यांना."

भाचा आता सायकलनं शिकवणीला जातो. पहिल्या दिवशी मित्रांनी चिडवलं. दुसऱ्या दिवशीही चिडवलं. चौथ्या दिवशी त्यातल्याच एकानं आपली सायकल पुसून बाहेर काढली. घराच्या कॅलेंडरवर भाच्यानं आपल्या अठराव्या वाढदिवसापुढे लाल पेन्सिलनं 'एल' काढून ठेवला आहे. अजून वर्षाच्या वर अवकाश आहे. चाबी मागणं बंद झालं आहे. उलट सकाळी मी निघाले, की दारातून त्याचाच आवाज येतो :

"मावशी, हेल्मेट! डिक्कीत नाही, डोक्यावर!"